होम लहान केलं आणि ‘बॅड सुपरब्लॉक’ आला: एलव्हीएमवरची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम सुखरूप लहान करताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की अडत दुकानांच्या सर्व्हरवर एकदम ताण येतो. वजनं, पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशोब सगळं डेटाबेसमध्ये जातं आणि सीझन अर्ध्यावर येईतो लिनक्सचं /व्हार (डेटाबेस, लॉग असा सतत बदलणारा डेटा ठेवायची जागा) गच्च भरतं. शेजारी /होम (युजरच्या स्वतःच्या फाइलची जागा) मात्र निम्म्याहून जास्त मोकळं असतं, कारण सर्व्हर बसवताना ज्यानं डिस्क वाटली त्यानं जवळपास सगळी जागा होमच्या पदरात टाकलेली असते. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की होममधले वीस जीबी काढून व्हारला देऊ. विचार बरोबर आहे, एलव्हीएम (डिस्कची जागा नंतरही कमी-जास्त वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) असतं ते त्याचसाठी. चूक होते ती क्रमात.

हा प्रकार मी आता चौथ्यांदा पाहिला. एकदा कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये, एकदा मिरजेत, आणि दोनदा यार्डात. चारही वेळा मेसेज तोच, चूक तीच, आणि चारही जणांनी पुढची पायरी म्हणून जे करायला घेतलं होतं तेही तेच. त्या पुढच्या पायरीनंच खरं नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत, नेहमीच्या इंग्रजी आकड्यांसह टाकायच्या. अक्षर मोठं पाहिजे असेल तिथे तसं सांगितलंय, बाकी सगळी छोटी.

काय दिसतं

यार्डातला शेवटचा फोन रात्री नऊला आला होता. दुकानाच्या मालकांचा भाचा कॉम्प्युटरचं सगळं बघतो, तो बोलत होता.

“सर, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि होम उघडंना झालंय. सुपरब्लॉक खराब झालाय म्हणतंय.”

“त्याच्या आधी काय केलं होतंस?”

“काय नाही ओ. सकाळी होमचे वीस जीबी कमी केले, बास. दिवसभर नीट चाललं होतं की.”

माउंट करायला, म्हणजे फाइलसिस्टिम जोडून वापरात घ्यायला गेलं की ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असं मोघम उत्तर येतं. सुपरब्लॉक म्हणजे फाइलसिस्टिमचा आकार आणि मांडणी नोंदवलेला ब्लॉक. त्यावरून काही कळत नाही. खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये असतं. डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) चालवून शेवटच्या ओळी बघा. तिथे ‘बॅड जिऑमेट्री’ असे शब्द सापडतील आणि पुढे दोन आकडे. यार्डातल्या सर्व्हरवर ते असे होते: ब्लॉक काउंट २६२१४४०० आणि डिव्हाइसचा आकार २०९७१५२० ब्लॉक.

एक ब्लॉक ४०९६ बाइटचा. म्हणजे एका जीबीत २६२१४४ ब्लॉक. पहिल्या आकड्याला त्यानं भागलं की १०० येतात, दुसऱ्याला भागलं की ८०. फाइलसिस्टिम सांगतेय मी शंभर जीबीची आहे, खालचं व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएमनं तिला दिलेला जागेचा तुकडा, सांगतंय माझ्याकडे ऐंशीच आहेत. सुपरब्लॉकला काहीही झालेलं नाही. तो खरं तेच सांगतोय. त्याच्या पायाखालची जमीन कुणीतरी काढून घेतली आहे.

नेटवर शोधलं की बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की सुपरब्लॉक खराब असेल तर ३२७६८ नंबरच्या ब्लॉकवरची त्याची दुसरी प्रत वापरा. या दुखण्यावर ते औषध नाही. सगळ्या प्रतींत तोच शंभराचा आकडा आहे. हवी ती प्रत वापरून बघा, उत्तर बदलणार नाही. उलट ती वापरताना ई२एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) डिस्कवर लिहू लागतं, आणि आता आपल्याला डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

दिवसभर चाललं, मग रात्री का पडलं

भाच्यानं एलव्हीरिड्यूस (व्हॉल्यूम लहान करणारी कमांड) चालवलं तेव्हा होम माउंट होतं. एलव्हीरिड्यूसनं इशारा दिला की यानं डेटा नष्ट होऊ शकतो, पुढे जाऊ का. त्यानं वाय दाबलं. व्हॉल्यूमचं शेपूट क्षणात कापलं गेलं, पण वर चालू असलेल्या फाइलसिस्टिमला ते कुणी सांगितलंच नाही. तिचा नकाशा आधीच मेमरीत होता आणि ती त्यावरच चालत राहिली. ऐंशी जीबीच्या पलीकडचा ब्लॉक मागितला की तेवढा एक वाचन-लेखनाचा एरर लॉगमध्ये पडायचा आणि पुढचं काम चालू. पडद्यावर कुणालाच काही दिसलं नाही. रात्री रीस्टार्ट झाल्यावर फाइलसिस्टिमनं पहिल्यांदा आपला आकार आणि डिव्हाइसचा आकार ताडून पाहिला आणि माउंट व्हायला नकार दिला.

“पण सर, त्यात एक्केचाळीसच जीबी डेटा होता. शेवटची जागा मोकळीच असणार ना?”

चारही ठिकाणी मला हेच विचारलं गेलं. डेटा भांड्यातल्या पाण्यासारखा तळापासून भरत जातो असं आपल्याला वाटतं. ईएक्सटी४ मध्ये तसं होत नाही. ती डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडते. शंभर जीबीत असे ८०० गट. सगळ्यात वरच्या पातळीवरच्या नव्या डिरेक्टरींसाठी ती मुद्दाम दूरदूरचे गट निवडते, म्हणजे प्रत्येक डिरेक्टरीच्या फाइल एकमेकींजवळ राहतात आणि पुढे वाढायला जागा उरते. शिवाय इनोडची (प्रत्येक फाइलच्या नोंदीची) टेबलंही डिस्कभर वाटलेली असतात. त्यामुळे शंभरपैकी एक्केचाळीस जीबीच भरले असले तरी शेवटच्या वीस जीबीत कुणाच्या ना कुणाच्या फाइल बहुधा असतातच.

यार्डातल्या माणसाला मी हे वखारीवरून समजावतो. वखार अर्धी रिकामी असली तरी पोती सगळीकडे थप्प्या लावून ठेवलेली असतात, पलीकडच्या भिंतीला टेकूनसुद्धा. भिंत आत घ्यायची असेल तर आधी त्या टोकाची पोती उचलून अलीकडे आणायची, मगच भिंतीला हात लावायचा. रिसाइझ२एफएस म्हणजे पोती हलवणारे हमाल आणि एलव्हीरिड्यूस म्हणजे गवंडी. गवंडी आधी आला तर भिंतीपलीकडचा माल बाहेर राहिला.

पण तो माल अजून तिथेच पडलेला असतो. एलव्हीरिड्यूस एक्स्टेंटवरचं (एलव्हीएम ज्या छोट्या तुकड्यांत जागा वाटतं त्यांवरचं) काही पुसत नाही, फक्त ‘हे एक्स्टेंट आता होमचे नाहीत’ एवढी नोंद बदलते. ती नोंद मागे फिरवता येते.

हे झालं असेल तर आधी हात थांबवा

मोकळे झालेले एक्स्टेंट अजून व्हारला किंवा कुणालाच दिले नसतील तर तुमचा डेटा बहुतेक सगळा परत मिळेल. दिले असतील आणि व्हारची फाइलसिस्टिम त्यावर वाढवली असेल, तर तिनं तिथे स्वतःचं लिहायला सुरुवात केली आहे आणि तेवढा भाग गेला. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. भाच्यानं व्हार वाढवायचं काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं, त्यामुळे तो वाचला.

दुसरा प्रश्न, एफएससीके चालवलंय का? ते दोन आकडे जुळत नाहीत हे पाहून ई२एफएससीके सांगतं की सुपरब्लॉक किंवा पार्टिशन टेबल बिघडलेलं दिसतंय, आणि विचारतं, ‘अबॉर्ट?’ म्हणजे थांबू का. इथे वायच म्हणायचं. घाईत माणूस एन दाबतो, त्याला वाटतं एन म्हणजे ‘बदल करू नको’. अर्थ उलटा होतो: थांबू नको, पुढे चल. मग ते ऐंशीच्या पलीकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद चुकीची समजून साफ करत सुटतं. मिरजेत हेच झालं होतं. व्हॉल्यूम पुन्हा शंभर जीबीचं करूनही तिथल्या बऱ्याच फाइल नावाविना लॉस्ट-फाउंडमध्ये पडलेल्या सापडल्या, आणि त्या ओळखायला दोन दिवस गेले.

आता नोंद मागे फिरवणं. एलव्हीएम प्रत्येक बदलाच्या आधी व्हॉल्यूम ग्रुपच्या (ज्या सामाईक साठ्यातून सगळी व्हॉल्यूम निघतात त्याच्या, इथे नाव व्हीजी०) मेटाडेटाची एक प्रत /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह मध्ये ठेवतं. ती साधी वाचता येणारी टेक्स्ट फाइल असते आणि कुठल्या कमांडच्या आधी ती काढली तेही तिच्यात लिहिलेलं असतं. यादी अशी मिळते:

व्हीजीसीएफजीरिस्टोअर --लिस्ट व्हीजी०

एलव्हीरिड्यूसच्या आधी काढलेली प्रत शोधा. तिच्यानंतर आणखी काही बदल झालेत का, दुसरं व्हॉल्यूम वाढलं का, नवं झालं का, ते बघा. कुठलं व्हॉल्यूम डिस्कच्या कोणत्या एक्स्टेंटवर बसलंय हे यातून दिसतं:

एलव्हीएस -ओ +सेग_पीई_रेंजेस व्हीजी०

सध्याची ही यादी आणि आर्काइव्हमधली फाइल शेजारी ठेवून, होमनं सोडलेल्या एक्स्टेंटवर दुसरं कुणी बसलेलं नाही याची खात्री करा. दहा मिनिटं लागतात, पण हे टाळू नका.

एलव्हीएक्स्टेंड करून होम पुन्हा शंभरचं केलं तर नाही का चालणार? पुष्कळदा चालतं. पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत असेल तर एलव्हीएम त्याच जुन्या जागा देईलच असं नाही. आकार शंभर होईल आणि शेवटचे वीस जीबी भलतीकडचे असतील. आर्काइव्हमधून परत आणलं की मांडणी तंतोतंत पहिल्यासारखी होते, म्हणून मी तोच रस्ता धरतो.

रूटसुद्धा (सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टिम) त्याच व्हॉल्यूम ग्रुपवर असेल, आणि बहुधा असतंच, तर हे काम लाइव्ह पेनड्राइव्हवरून करा. तिथे एक अडचण येते. लाइव्ह सिस्टिमचं स्वतःचं आर्काइव्ह रिकामं असतं आणि आपली फाइल सर्व्हरच्या रूटमध्ये आहे. म्हणून आधी रूट फक्त-वाचनासाठी माउंट करायचं, ती आर्काइव्ह फाइल /टीएमपी मध्ये आणि दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर कॉपी करायची, रूट अनमाउंट करायचं, आणि मग:

व्हीजीचेंज -एएन व्हीजी०
व्हीजीसीएफजीरिस्टोअर --टेस्ट -एफ /टीएमपी/फाइलचं-नाव व्हीजी०
व्हीजीसीएफजीरिस्टोअर -एफ /टीएमपी/फाइलचं-नाव व्हीजी०
व्हीजीचेंज -एवाय व्हीजी०

पहिल्यांदा --टेस्ट लावून चालवा, तेव्हा काहीही लिहिलं जात नाही. त्यानंतर तपासणी, पण फक्त वाचून:

ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/व्हीजी०/होम

-एन लावलं की ते डिस्कला हात लावत नाही. जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) तसंच ठेवून तपासणी करत असल्याची सूचना आधी येईल आणि किरकोळ तक्रारीही दिसतील. त्यातल्या काही केवळ जर्नल लावलं नाही म्हणूनच असतात. आकड्यांची तक्रार गेली असेल तर आपण योग्य जागी आलो. मोठी बाहेरची डिस्क हाताशी असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी व्हॉल्यूमची संपूर्ण प्रत डीडीनं काढून घ्या. मग -एन काढून, नुसत्या -एफ सह दुरुस्ती, फक्त-वाचनासाठी माउंट, आणि सगळ्यात आधी कामाच्या फाइल बाहेर.

यातून एकच मोठा अपवाद आहे. एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इश्यू_डिस्कार्ड्स’ नावाची सेटिंग असते. मूळ किंमत शून्य. कुणी ती १ केली असेल आणि डिस्क एसएसडी असेल, तर एलव्हीरिड्यूस त्या एक्स्टेंटचा ताबा सोडतानाच डिस्कला ‘इथलं आता लागत नाही’ असं कळवून टाकतं. तसं झालं असेल तर नोंद परत आणून तिथे शून्यंच सापडतील.

त्या रात्री यार्डात साडेअकराला होम माउंट झालं. दिवसभरात ऐंशीच्या पलीकडे लिहायच्या राहिलेल्या चार-पाच फाइल तुटलेल्या निघाल्या. बाकी सगळं शाबूत होतं. मामांनी चहा पाठवला. भाचा मात्र तो प्याला नाही.

आता तेच काम नीट

पहिली गोष्ट, फाइलसिस्टिम कुठली आहे ते बघा. एलएसबीएलके -एफ चालवलं की कळतं. एक्सएफएस असेल तर इथेच थांबा, ती या पद्धतीनं लहान करता येत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्या घराण्यात एक्सएफएस हीच ठरलेली निवड आहे, त्यामुळे सेंटओएस ७ वरच्या पुष्कळ सर्व्हरवर तीच सापडते. तिथे डेटा बाहेर काढायचा, व्हॉल्यूम काढून लहान नवं करायचं आणि डेटा परत भरायचा. एक्सएफएसडंप आणि एक्सएफएसरिस्टोअर त्यासाठीच आहेत. बीटीआरएफएस चालू असतानाही लहान होते, पण तिची कमांड वेगळी. खालचं सगळं ईएक्सटी४ साठी आहे. ती वाढते माउंट असताना, लहान मात्र फक्त अनमाउंट केल्यावर.

बॅकअप घ्या. त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून बघा. त्याशिवाय मी तो बॅकअप धरत नाही.

मग वीज. रिसाइझ२एफएस ब्लॉक आणि टेबलं हलवत असताना लाइट गेली तर फाइलसिस्टिम मधल्यामध्ये अडकते आणि ते दुखणं वर सांगितलेल्यापेक्षा फार वाईट. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सांगलीत वळीव उठतो, वारा सुटला की लाइट जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी एकदा प्लग काढून बघा आणि काम पहाटे करा. लांबून एसएसएचवरून करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत करा, म्हणजे नेट तुटलं तरी काम तुटत नाही.

अनमाउंट करताना ‘टार्गेट इज बिझी’ येणारच. होमच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण तुम्ही स्वतः असता. ज्या युजरनं लॉगिन केलंय त्याचं घर होममध्येच आहे. सर्व्हरसमोर बसून थेट रूट युजर म्हणून लॉगिन करा. बाकी कोण बसलंय ते असं दिसतं:

एफयूझर -व्हीएम /होम

सांबा, डेटाबेस, बॅकअपची स्क्रिप्ट, जे असेल ते बंद करा. एनएफएसनं ते शेअर केलेलं असेल तर एफयूझरला काहीच दिसत नाही, कारण ते कर्नलच्या आतून धरलेलं असतं. ते आधी एक्स्पोर्टएफएसनं काढावं लागतं. स्वॅप फाइल होममध्ये ठेवली असेल तर स्वॅपऑफ.

यूमाउंटला -एल लावून काम भागवू नका. त्यानं माउंट नजरेआड होतं एवढंच. ज्या प्रोग्रामनं फाइल उघडल्यात तो त्या वापरतच राहतो. आपल्याला वाटतं घर मोकळं झालं, आणि आत माणसं असतात.

अनमाउंट झालं की तपासणी. ही सक्तीची आहे, रिसाइझ२एफएस तिच्याशिवाय पुढे जात नाही:

ई२एफएससीके -एफ /डेव्ह/व्हीजी०/होम

मग कमीत कमी किती लागेल त्याचा अंदाज, इथे पी मोठा:

रिसाइझ२एफएस -पी /डेव्ह/व्हीजी०/होम

आकडा ब्लॉकमध्ये येतो. २६२१४४ नं भागा, जीबी मिळतील. या किमान आकाराच्या अगदी जवळ जाऊ नका. जितकं आवळाल तितके ब्लॉक हलवावे लागतात आणि वेळ वाढत जातो.

आता खरं काम. व्हॉल्यूम ८० जीबीचं करायचं आहे, तरी फाइलसिस्टिम मी ७६ पर्यंत खाली नेतो. इथे पी छोटा, त्यानं काम किती झालं ते दिसत राहतं:

रिसाइझ२एफएस -पी /डेव्ह/व्हीजी०/होम ७६जी

मधले चार जीबी ही माझी सुरक्षित पट्टी. एकक चुकलं, गोळाबेरीज चुकली, एक्स्टेंट चार-चार एमबीचे असल्यामुळे आकडा थोडा सरकला, तरी चूक त्या पट्टीत जिरते आणि डेटापर्यंत पोचत नाही. एककाचा घोळ खरोखर होतो. रिसाइझ२एफएस आणि एलव्हीरिड्यूस दोघंही जी म्हटलं की १०२४ च्या पटीत मोजतात, पण डीएफला मोठा एच लावून आकडा घेतला तर तो १००० च्या पटीतला असतो. शंभरात सात जीबींचा फरक पडतो.

आता व्हॉल्यूम. एल मोठा:

एलव्हीरिड्यूस -एल ८०जी /डेव्ह/व्हीजी०/होम

इथे उणे चिन्हाकडे डोळे लावून बघा. ‘-एल ८०जी’ म्हणजे ८० जीबी ठेव. ‘-एल -२०जी’ म्हणजे २० जीबी काढ. कुपवाडला वीस जीबी काढायचे होते, उणे राहून गेलं आणि शंभरचं व्हॉल्यूम वीसचं झालं. म्हणून मी उणेवालं रूप वापरतच नाही, नेहमी शेवटी किती राहायला हवं तेच लिहितो. छोटा एल पडला तर आकड्याचा अर्थ एक्स्टेंटची संख्या असा होतो, तेही लक्षात असू द्या. पुष्टी विचारताना एलव्हीएम नवा आकार दाखवतं. तो मोठ्यानं वाचून मग वाय दाबा.

आता राखलेली पट्टी परत घ्यायची. आकडा न देता चालवलं की फाइलसिस्टिम व्हॉल्यूमच्या काठापर्यंत पसरते:

रिसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीजी०/होम
ई२एफएससीके -एफ /डेव्ह/व्हीजी०/होम

मग माउंट. यूयूआयडी (फाइलसिस्टिमची ओळखखूण) तीच राहते, एफएसटॅबला (काय कुठे माउंट करायचं त्या यादीला) हात लावावा लागत नाही.

हे सगळं एका कमांडमध्येही होतं. एलव्हीरिड्यूसला -आर जोडलं की ते स्वतःच आधी तपासणी करतं, मग फाइलसिस्टिम लहान करतं, आणि तो टप्पा यशस्वी झाला तरच व्हॉल्यूमला हात लावतं:

एलव्हीरिड्यूस -आर -एल ८०जी /डेव्ह/व्हीजी०/होम

तुम्ही हे वर्षातून एखाद्या वेळी करत असाल तर हेच वापरा. क्रम चुकवायची संधीच ते देत नाही. मी हातानं करतो कारण मला प्रत्येक टप्प्यावर थांबून बघायचं असतं. एलव्हीएमच्या नव्या आवृत्त्या तर -आर नसतानाही फाइलसिस्टिमचा आकार आधी बघतात आणि ती मोठी असेल तर सरळ नकार देतात. आपल्याकडे दुकानांच्या कोपऱ्यात चालणारे सर्व्हर मात्र जुने, एकदा बसवले की पाच-सात वर्षं कुणी बघत नाही, त्यामुळे त्या नकाराच्या भरवशावर राहू नका.

काही थोडक्यात. रूट लहान करायचं असेल तर चालू सिस्टिमवरून होत नाही, लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी व्हीजीचेंज -एवाय. होमवर स्नॅपशॉट असतील तर आधी काढा. व्हॉल्यूम आणि फाइलसिस्टिम यांच्या मध्ये लक्स एन्क्रिप्शनचा थर असेल तर वरून खाली या: आधी फाइलसिस्टिम, मग क्रिप्टसेटअप रिसाइझ, शेवटी एलव्हीरिड्यूस. आणि लक्सचा थर स्वतःच्या हेडरसाठी व्हॉल्यूममधली थोडी जागा घेतो, तिथे ती चार जीबीची पट्टी पुन्हा उपयोगी पडते.

झालं की दोन आकडे समोरासमोर ठेवा. डंपई२एफएस -एच मधला ब्लॉक काउंट गुणिले ४०९६, आणि एलव्हीएस --युनिट्स बी मधला आकार. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नसला पाहिजे. हे बघितल्याशिवाय मोकळे झालेले एक्स्टेंट कुणालाही द्यायचे नाहीत, कारण मागे फिरायची वाट तेव्हाच बंद होते. आणि मी त्याच वेळी मुद्दाम एकदा रीस्टार्ट करून बघतो. माउंटची कुरबूर असेल तर ती माझ्या डोळ्यांसमोर व्हावी, सौद्याच्या दिवशी सकाळी नव्हे.

यार्डात हे काम पुढच्या रविवारी पहाटे केलं. कीबोर्डवर भाचा होता, मी शेजारी. होम ८० चं झालं. व्हारला पंधराच जीबी दिले:

एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१५जी /डेव्ह/व्हीजी०/व्हार

इथेही एल मोठा, आणि अधिक चिन्ह विसरायचं नाही. वाढवणं माउंट असतानाच झालं, डेटाबेस बंदही करावा लागला नाही. उरलेले पाच जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये तसेच मोकळे ठेवलेत, पुढच्या हंगामात ज्याला कमी पडेल त्याला द्यायला. तेव्हा कुणाचंच काही काढून घ्यावं लागणार नाही.